पाव्हण्याची अर्धी प्रदक्षिणा

माझ्या डोक्याला फेटा गुंडाळला जात होता. अंगावर शाल, हातात नारळ, आणि समोर डाळमिलमधली झाडून सगळी माणसं टाळ्या वाजवत उभी. ज्या करामतीसाठी हा सत्कार चालला होता ती करामत नव्हतीच. ती माझी चूक होती. नम्रतेनं म्हणतात तशी नव्हे. खरीखुरी, शिकाऊ पोरानं करावी अशी चूक. हे त्या आवारात मला एकट्याला माहीत होतं आणि मी गप्प राहिलो. शरमेनं मान खाली घातली, तर मागून कुणीतरी म्हणालं, "बगा, एवढा शिकलेला मानूस, पर लई नम्र!"

ते वाक्य मला अजून टोचतं. म्हणून हे लिहितो आहे.

मी नांदेडचा. कारखान्यांत आपोआप फिरणारे रोबो बसवून देणं हे माझं काम. रोबो म्हटलं की लोकांना हातपाय असलेला, घोगऱ्या आवाजात बोलणारा पुतळा आठवतो. आमचा रोबो म्हणजे गुडघ्याएवढा उंच, बाजेएवढा लांब, चपटा गाडा. पाठीवर माल घ्यायचा आणि सांगितल्या जागी नेऊन ठेवायचा. त्याला रूळ नसतात, जमिनीवर आखलेली पट्टी नसते, हाकायला माणूस नसतो. त्याच्या नाकावर लायडर नावाचा डबा असतो. तो चहूकडे लेझरचे किरण फेकतो आणि कुठं भिंत आहे, कुठं माणूस आहे, हे ओळखतो. त्यावरून वाट रोबोनं स्वतः शोधायची.

काम लातूरच्या एका डाळमिलमध्ये होतं. पॅकिंग शेडमधून तूरडाळीची पोती उचलायची आणि आवारापलीकडच्या गोदामात पोचवायची. बस, एवढंच. मालक शिवराजअण्णा, माझ्याच वयाचे. मिल त्यांच्या नावावर होती, पण चालायची त्यांच्या वडिलांच्या शब्दावर. वडिलांना सगळे अप्पा म्हणत. कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, पांढरं धोतर, आणि दिवसभर आवारात टाकलेली एक प्लास्टिकची खुर्ची. अप्पा जिथं बसत तिथं मिलचं ऑफिस.

आणि पॅकिंग शेड आणि गोदाम यांच्या बरोबर मधोमध होता महादेवाचा ओटा. मिलच्या आधीचा. मिल त्याच्याभोवती बांधलेली. पिंडी, समोर नंदी, नंदीवर लिंबाची सावली.

गोदामात जायला दोन वाटा होत्या. एक नंदीच्या समोरून, थोडी वळशाची. दुसरी ओट्याच्या मागून, जवळची. पण मागच्या बाजूला पिंडीवरच्या पाण्याची धार बाहेर येत होती. तिची अरुंद नाली, वर लोखंडी जाळी. आता महादेवाची धार ओलांडायची नसते हे मला कुणी शिकवायला नको. मी स्वतः लहानपणापासून नंदीपासून निघतो, धारेपर्यंत जातो, तिथून उलटा फिरून दुसऱ्या बाजूनं पुन्हा धारेपर्यंत, आणि परत. आपल्याकडं शेंबडं पोरही अशीच अर्धी प्रदक्षिणा घालतं. पण नकाशा काढताना मी भक्त नव्हतो, इंजिनिअर होतो. लायडरला ओटा दिसला, मोकळी जागा दिसली. जाळी सपाट आहे, चाक अडकत नाही, एवढंच मी बघितलं.

पहिल्याच खेपेला रोबो ऐटीत मागच्या वाटेनं निघाला आणि धारेवरून खडखडत गेला.

"थांबवा!" अप्पा खुर्चीतून उठले. "कोन सांगितलं ह्याला धार वलांडायला?"

"अप्पा, तो जवळचा रस्ता शोधतो," मी म्हणालो.

"जवळचा रस्ता आमाला बी दिसतो की. जलम गेला हितं, वलांडला न्हाई."

"अप्पा, मशीन आहे ते. त्याला काय कळतंय?"

"त्याला कळत न्हाई म्हनूनच तुमाला बोलिवलंय न्हवं?"

शिवराजअण्णांनी मला बाजूला घेतलं. "साहेब, अप्पांनी हाव म्हटल्याशिवाय तुमचं काम पास व्हत न्हाई. बँकेपुरता मालक मी. तेवडं धारेचं बगा काहीतरी."

धारेचं बघणं मला सोपं वाटलं. आमच्याकडं त्यासाठी व्हर्च्युअल वॉल असते. म्हणजे नकाशावर काढलेली खोटी भिंत. जमिनीवर काहीच नसतं, पण रोबोला वाटतं की इथं भिंत आहे. धारेवर आडवी रेघ ओढली की झालं.

इथं माझी चूक झाली. ती समजायला रोबोचं डोकं थोडं समजून घ्यावं लागेल.

रोबोला खरं तर दोन डोकी असतात. समजा तुम्हाला नांदेडहून लातूरला जायचंय. घरातून निघतानाच तुम्ही ठरवता की अहमदपूरवरून जायचं. हे मोठं डोकं. त्याच्याकडं पूर्ण नकाशा असतो. मग रस्त्यात म्हैस आडवी येते. तिला डावीकडून काढायचं की उजवीकडून, हे बघतं छोटं डोकं. त्याला फक्त पुढची चार पावलं दिसतात. दोघांचे नकाशे वेगळे. छोटं डोकं विसरभोळं असतं, आणि ते मुद्दाम तसं ठेवतात. म्हैस काय, थोड्या वेळानं उठून जाते; ती कायमची लक्षात ठेवून उपयोग नाही. म्हणून वाट अडली की रोबो ती वाट तेवढ्यापुरती बाद करतो, दुसरी धरतो, आणि जरा वेळानं पाटी पुसून टाकतो.

भिंत दोन्ही नकाशांत काढायची असते. मी ती फक्त छोट्याच्या नकाशात काढली.

चाचणी घेतली नाही असं नाही. घेतली. रोबो मागच्या वाटेनं धारेपर्यंत गेला, थबकला, वळला, आणि नंदीच्या बाजूनं नीट गोदामात पोचला. मी म्हणालो, वा, भिंत कळली त्याला. खरं तर तिथंच मला कळायला हवं होतं. मोठ्या डोक्याला भिंत माहीत असती तर तो तिकडं गेलाच कशाला असता? पण आवार रिकामं होतं, माल पोचला होता आणि मला सपाटून भूक लागली होती. मी जेवायला गेलो.

परत आलो तर आवारातली सगळी कामं थांबली होती. डाळ निवडणाऱ्या बाया लिंबाच्या सावलीत, नंदीसमोर, डबे उघडून बसल्या होत्या, पण घास कुणी घेत नव्हतं. हमाल हात जोडून उभे. आणि आमचा रोबो पाठीवर तूरडाळ घेऊन महादेवाभोवती फिरत होता.

मागून धारेपर्यंत जायचा. थांबायचा. उलटा फिरायचा. ओट्याला वळसा घालून नंदीपाशी यायचा. थांबायचा. पुन्हा उलटा फिरून धारेकडं. ना धार ओलांडायचा, ना नंदीच्या पुढं जायचा.

कामगारांनी त्याला पहिल्या दिवसापासून पाव्हणा असं नाव ठेवलं होतं. सगळे त्याला वाट देत आणि तो काम बेताचंच करी, म्हणून. बायांची मुकादम गंगाबाई मला अंगावरचे शहारे दाखवायला आली.

"साहेब, पाव्हणा परदक्षिणा घालून राहिलाय! अन् नंदीम्होरं आला की नमस्कार करतोय, बगा, बगा!"

खरंच करत होता. अचानक ब्रेक लागला की पोत्यांच्या भारानं त्याचं नाक किंचित खाली झुकतं.

मला लगेच कळलं काय झालं ते. मोठं डोकं म्हणतंय धारेकडून जा. छोट्याला तिथं भिंत दिसते. मग मोठं म्हणतंय बरं, नंदीकडून जा. तिथं बाया डबे घेऊन बसलेल्या. मग पाटी पुसायची आणि पुन्हा धारेकडं. पाव्हणा रस्ता चुकला होता. बाया उठल्या असत्या तर तो मुकाट्यानं गोदामात गेला असता. पण असला चमत्कार सोडून उठणार कोण?

तेवढ्यात अप्पा आले. कितीतरी वेळ बघत राहिले. मग डोळ्याला धोतराचा सोगा लावला आणि माझा हात धरला.

"साहेब, तुमी शिकिवलं हे?"

आता इथं दोन उत्तरं होती. एक, 'नाही अप्पा, बिघडलाय तो.' दुसरं मी दिलं.

"हाव अप्पा. म्हटलं, आपल्या हितली पद्धत त्याला माहीत पाहिजे."

मी मुद्दाम 'हितली' म्हणालो. एरवी कामाच्या ठिकाणी मी 'इथली' म्हणतो. खोटं बोलताना मी इतका गावाकडचा झालो याची मला आजही लाज वाटते.

"काम पास!" अप्पा शिवराजअण्णांकडं वळून ओरडले. "अन् ह्या मानसाचा सत्कार करा. नारळ आना. फेटा आना!"

आपल्याकडं सत्काराला वेळ लागत नाही. शाल तर प्रत्येक ऑफिसच्या कपाटात घडी घालून तयारच असते. असा मी फेट्यात सापडलो.

पुण्याला जोगळेकर सरांना, म्हणजे माझ्या बॉसना, फोन लावला आणि त्यांना मात्र खरं सांगितलं. वाटलं, ते झापतील आणि मला हलकं वाटेल.

"म्हणजे क्लायंट खूश आहे?" त्यांनी विचारलं.

"सर, रोबो अडकलाय. बग आहे."

"क्लायंट खूश असेल तर तो बग नसतो. याला आपण डिव्होशनल मोड म्हणू शकतो. देवस्थानं किती आहेत महाराष्ट्रात, कल्पना आहे तुम्हाला?"

"सर, तो माल पोचवत नाहीये."

"हे बघा, सगळं एकाच व्हर्जनमध्ये होत नसतं."

घरी आल्यावर बायकोनं शाल हातात घेऊन बघितली. "चांगली आहे हो. कशाबद्दल मिळाली?" मी म्हणालो, "असंच." तिनं ती कपाटात वरच्या खणात ठेवली. त्यानंतर त्या कपाटातून बनियन काढतानाही मला कुणीतरी बघतंय असं वाटायचं.

मी ठरवलं, चुपचाप दुरुस्त करून टाकू. पण लातूरला गेलो की माणसं आधीच जमलेली. शेजारच्या कारखान्यातली, बाजारातली, लेकुरवाळ्या बाया, एकदा तर एसटीतून उतरून चौकशी करत आलेली माणसं. सगळी नंदीसमोर सावलीत बैठक मारायची. माणसं बसली की वाट अडायची. वाट अडली की पाव्हणा फिरायला लागायचा. तो फिरतोय हे कळलं की आणखी माणसं यायची. बघायला आलेली गर्दीच चमत्कार घडवत होती, आणि तिला ते सांगणारा मी फेटा बांधून बसलेला.

पॅकिंग शेडमध्ये पोत्यांची थप्पी छताला टेकायला आली. हमाल गोदामाकडं जाईनात. म्हणायचे, पाव्हण्याचा मान पहिला. शेवटी शिवराजअण्णा कावले.

"साहेब, मी देवाच्या इरोदात न्हाई. पर मी माल न्ह्यायला मशीन घेतलं, भक्ती करायला अप्पा हाईत की! सोमवारपतूर हे गोदामात जाया पाहिजे. न्हाईतर घिऊन जावा."

"अप्पांना काय सांगू?"

"ते तुमी बगा. मी त्यांचा लेक हाय, मला जमायचं न्हाई."

नेमका सोमवारच अडचणीचा होता. कारण त्याच सोमवारी अप्पांनी अहमदपूरच्या काशिनाथअप्पांना बोलावलं होतं. हे अप्पांच्या धाकट्या लेकीचे सासरे. दोघं एकमेकांचे व्याही आणि जन्माचे टोमणेबाज. अप्पांनी फोनवर रोबोचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "मशीन परदक्षिणा घालतंय? मग आमचा ट्रॅक्टर बी शिवरात्र धरतोय बगा. एक टँक डिझेल घेत न्हाई." अप्पांना ते लागलं होतं. रोज कुणाला तरी म्हणायचे, "येऊ द्या ईवायाला. बगू द्या डोळ्यानं."

मी आदल्या दिवशी, आवारात कुणी नसताना गेलो आणि भिंत मोठ्या नकाशातही काढली. काम दोन मिनिटांचं. अप्पा तेव्हा घरी होते. घर मिलच्या भिंतीला लागून. जाऊन सांगायला हवं होतं. मी दारापर्यंत गेलो, आत अप्पा कुणाला तरी सांगत होते, "उद्या नवं धोतर काडा." मी परत फिरलो. मनाला समजावलं की कदाचित उद्या गर्दी होणार नाही.

गर्दी झाली. नंदीसमोर मुंगीला जायला जागा नव्हती. काशिनाथअप्पा पांढरी टोपी घालून पुढच्या रांगेत. अप्पांनी खुर्ची पलीकडं, गोदामाच्या बाजूला, धारेच्या अगदी काठाशी घेतली होती. पाव्हणा धारेपाशी येऊन वळतो तो क्षण तिथून सगळ्यात चांगला दिसतो म्हणून. मी अलीकडं, पॅकिंग शेडच्या दारात, लॅपटॉप मांडीवर घेऊन.

"सोडा साहेब त्याला!" अप्पा म्हणाले.

पाव्हणा निघाला. नंदीसमोरच्या गर्दीपाशी आला. आता दोन्ही डोक्यांना सगळं नीट माहीत होतं. धारेकडं भिंत, नंदीकडं माणसं. तो जागच्या जागी उभा राहिला. आणि बोलला.

हे सांगायचं राहिलं. सगळ्या वाटा बंद झाल्या की मदत मागायची सोय रोबोत असते. इतके दिवस मोठ्या डोक्याला कायम कुठली ना कुठली वाट मोकळी दिसत होती, म्हणून त्यानं तोंड उघडलं नव्हतं. ती सूचना मराठीतून हवी म्हणून मी माझ्याच आवाजात रेकॉर्ड केली होती.

"रस्ता मिळत नाही," पाव्हणा माझ्या आवाजात म्हणाला. "कृपया मदत करा."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

"मी नाही बोललो," मी म्हणालो.

"रस्ता मिळत नाही. कृपया मदत करा."

काशिनाथअप्पांनी टोपी सारखी केली. "अप्पा, तुमच्या भक्ताला देवाचाच रस्ता घावंना झालाय की ओ!"

हशा पिकला. अप्पा हसले नाहीत. उठून धारेपाशी आले आणि रोबोला हातानं बोलवायला लागले. "ये, ये. असा ये. रोजच्यावानी." रोबो ढिम्म. "अरे ये की रं बाळा!" आता कुणी हसेना. मला तर लॅपटॉपच्या आत शिरावंसं वाटत होतं.

"साहेब, काय झालं त्याला?"

"नेटवर्क असेल अप्पा," मी म्हणालो. हे माझं दुसरं खोटं. पहिल्याला सोबत म्हणून.

अप्पा परत खुर्चीत बसले. मग शिवराजअण्णांना म्हणाले, "मशीनचं काय बी झालं न्हाई. माझंच चुकलं. ईवायाला दाखवायचं म्हून मी मिरवून राहिलो व्हतो. देवाम्होरं मिरवायचं असतंय व्हय? म्हून सोडलं त्यानं. आता त्यो परदक्षिणा घालस्तोवर मी जेवत न्हाई."

अप्पांना शुगर होती. सोमवारचा उपास डॉक्टरांनी कधीच बंद केला होता आणि त्याचं त्यांना दुःख होतं. सकाळची गोळी पोटात गेली होती. सूनबाई ताट घेऊन आल्या, अप्पांनी तोंड फिरवलं. थोड्या वेळानं पुन्हा आल्या, पुन्हा फिरवलं. कपाळावरच्या भस्मात घामाचे थेंब दिसायला लागले.

"साहेब," शिवराजअण्णांनी माझा दंड धरला, "ऱ्हाऊ द्या माल. पयल्यासारखं करा ते. काय बी करा, पर फिरवा त्याला!"

मी पुन्हा जोगळेकर सरांना फोन लावला. "सर, जुनी चूक परत घालू का?"

"घाला की! मी म्हणत होतोच, फीचर काढायला नको होतं."

लॅपटॉपवर मोठ्या नकाशातली रेघ समोर दिसत होती. ती पुसली की झालं. पाव्हणा फिरला असता, अप्पा जेवले असते, काशिनाथअप्पांची बोलती बंद झाली असती. बोट बटणावर होतं. आणि मी अप्पांकडं बघितलं. ते हात जोडून बसले होते आणि पुटपुटत होते. माझ्या चुकीची माफी ते मागत होते. मी दोन मिनिटांत केलेली चूक, आणि नव्या धोतरातला हा म्हातारा तिची शिक्षा भोगतोय.

लॅपटॉप खाली ठेवला आणि धावत सुटलो. सरळ अप्पांकडं. जवळच्या वाटेनं.

"ओ, ओ, ओ!" सगळं आवार ओरडलं.

"धार! धार!" अप्पा खुर्चीतून अर्धवट उठले.

माझा एक पाय जाळीच्या वर, हवेत. तसाच मागं घेतला. वळलो. ओट्याला वळसा घालून नंदीकडं आलो, तर तिथं गर्दी. पुढं जायला जागा नाही. माझ्या शेजारी पाव्हणा उभा.

"रस्ता मिळत नाही," तो माझ्या आवाजात म्हणाला. "कृपया मदत करा."

"मला पण," मी म्हणालो. "सरका हो मायबाप, जाऊ द्या मला!"

गंगाबाईनं डबा उचलला. "उटा गं, साहेब रडाया आलेत." माणसं उठली, मधे वाट झाली आणि मी तिच्यातून निघालो. वाट मोकळी झालेली पाव्हण्यालाही दिसली. तो माझ्या मागून निघाला. पुढं मी, मागं डाळीची पोती घेतलेला गाडा, अशी आमची वरात नंदीसमोरून अप्पांच्या खुर्चीपर्यंत गेली. पाव्हणा वळून गोदामात शिरला. मी थांबलो.

"अप्पा, तुमचं काही चुकलं नाही. त्यानं प्रदक्षिणा कधी घातलीच नव्हती. तो रस्ता चुकला होता. मी नकाशात भिंत अर्धवट काढली, त्यामुळं त्याला इकडून जाता येईना, तिकडून जाता येईना. म्हणून फिरत होता. काल मी ते दुरुस्त केलं."

अप्पा खुर्चीत पुढं सरकले. "म्हंजी तुमी शिकिवलं न्हवतं?"

"नाही."

"तुमी तर हाव म्हनले व्हते."

"म्हणालो होतो."

मग अप्पांनी सावकाश मान वळवली आणि पलीकडं बसलेल्या व्याह्यांना हाक मारली.

"ऐकलं का ईवाई? रस्ता चुकला, पर धार वलांडली न्हाई त्यानं! तुमी साखरपुड्याच्या दिवशी ह्याच धारेवरनं चपला घालून गेलता. अन् तुमाला रस्ता बी म्हाईत व्हता!"

काशिनाथअप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अंधार व्हता," ते म्हणाले.

"भर दुपारचा साखरपुडा व्हता!"

यावर इतका मोठा हशा झाला की लिंबावरची पाखरं उडाली. सूनबाईंनी ती संधी साधून ताट पुढं केलं. अप्पांनी भाकरी मोडली. मला वाटतं व्याह्यांना हरवल्याच्या आनंदात ते कबूल केलेला उपास विसरले. कुणी आठवण करून दिली नाही.

पाव्हणा अजून त्या मिलमध्ये काम करतो. नंदीच्या बाजूनं जातो, वळसा घेऊन. बायांना जेवायला शेडच्या बाजूला पत्रा टाकून दिला आहे. चमत्कार बंद झाला तशी गर्दीही बंद झाली. फक्त गंगाबाई पाव्हणा नंदीपाशी ब्रेक लावतो का हे अधूनमधून बघते. जोगळेकर सरांनी डिव्होशनल मोड माहितीपत्रकात छापायला घेतला होता. तो काढायला लावताना मला जे ऐकून घ्यावं लागलं ते इथं नको. धंद्यातला धडा म्हणाल तर एवढाच: नकाशे दोन असतील तर भिंत दोन्हींत काढावी. आणि आपल्याच आवाजात सूचना रेकॉर्ड करू नयेत.

पण त्या सोमवारी एक राहून गेलं होतं. मी चूक सांगितली होती. इंजिनिअर लोकांना चूक सांगता येते. कारण काय, उपाय काय, रिपोर्टच्या भाषेत. तेवढंच मी केलं होतं. दुसरा शब्द तोंडातून निघाला नव्हता.

पुढच्या खेपेला मी कपाटातली शाल घेऊन गेलो. अप्पा खुर्चीत, धारेपलीकडंच होते. मी नंदीकडून वळसा घालून गेलो आणि शाल त्यांच्या मांडीवर ठेवली.

"हे काय?" अप्पा म्हणाले.

"तुमची शाल. मला ती ठेवता येत नाही."

"अन् नारळ?"

"नारळाची चटणी झाली अप्पा. नवा आणलाय." मी पिशवीतून नारळ काढला.

अप्पांनी तो कानाशी हलवून बघितला. पाणी होतं. मग म्हणाले, "आता बोला. एवड्यासाटी नांदेडहून आले न्हाईत तुमी."

घरून निघताना मी बरीच वाक्यं पाठ केली होती. सगळी वाटेत, अहमदपूरच्या आसपास, सांडली. मी खाली वाकून त्यांच्या पायाला हात लावला.

"अप्पा, मी तुमच्याशी खोटं बोललो. एकदा न्हाई, दोनदा. तुमी उपाशी बसलात ते माझ्यामुळं. मला माफ करा."